लाल डोंगरांच्या मुलखात रोडगे

लास व्हेगसला जाऊन आलो असं वर्ध्यात कोणाला सांगितलं, की ऐकणारा आधी मागंपुढं बघतो, मग खुर्ची जवळ ओढतो आणि आवाज खाली आणून विचारतो, "मास्तर, खेळले काय मंग?" नाही म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. जुगाराच्या राजधानीत जाऊन पत्त्याला हात न लावता परत आलेला माणूस म्हणजे पंगतीत बसून उपाशी उठलेला माणूस, असं त्याला वाटत असावं. अशांची समजूत काढून काढून मी दमलो, म्हणून हे लिहायला बसलो आहे. आम्ही तिथं खेळायला गेलो नव्हतो. आम्ही तिथं रोडगे करायला गेलो होतो.

आम्ही म्हणजे मी आणि माझी बायको कुंदा. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. वाळवंटाचा धडा इतक्या वेळा शिकवला की तो मला झोपेतही म्हणता यावा, पण प्रत्यक्ष वाळवंट काही पाहिलं नव्हतं. कुंदा आंजी मोठी या गावची, शेतकऱ्याच्या घरची. तिला वाळवंटाचं काही कौतुक नव्हतं. तिचा जीव अडकला होता निलेशमध्ये, आमच्या एकुलत्या एका मुलात. तो लास व्हेगसच्या एका मोठ्या हॉटेलात थंड हवेची यंत्रं सांभाळतो. बाहेर वाळवंट तापत असताना आतल्या माणसांना थंडी वाजली पाहिजे, हे बघणं त्याचं काम. सुट्टीच्या दिवशी तो शहराबाहेरच्या लाल डोंगरांवर दोर बांधून चढायला जातो. गेल्या वर्षी तिथून तो पडला आणि त्याचा पाय मोडला.

आम्हाला कळलं तोवर पाय प्लास्टरमध्ये होता. कुंदा दुसऱ्याच दिवशी एसटीनं केळझरला गेली, टेकडीवरच्या गणपतीपुढं उभी राहिली आणि नवस बोलली, की पोरगा आपल्या पायानं चालू लागला तर तो पडला त्या मुलखात येऊन, उघड्यावर, तुझ्या नावानं रोडगे करीन. मी बाजूलाच होतो. म्हटलं, "आंजीच्या वावरात केले असते तं गणपती नाई म्हणत होता काय?"

"पडला तिथंच करीन," ती म्हणाली. "अन् त्याच नैवेद्यावर हात ठेवून त्याच्याकून शप्पत घेईन. पुन्हा डोंगर चढणार नाई म्हणून."

नैवेद्यावर हात ठेवून घेतलेली शपथ आमच्याकडे कोणी मोडत नाही. कुंदाच्या वडिलांनी अशाच शपथेवर विडी सोडली, ती पुन्हा कधी ओठाला लावली नाही. निलेशला आजोबांची ही गोष्ट चांगली ठाऊक होती. आईनं त्याला हे फोनवर सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तू ये तं खरी." त्या वाक्यात होकार होता की नकार, हे मला विमानात बसेपर्यंत कळलं नाही. कुंदानं मात्र तो होकार धरला होता.

गोवऱ्या

ज्यांनी रोडगे खाल्ले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. गव्हाच्या जाडसर पिठाच्या लहान लहान पाऱ्या लाटायच्या, तूप लावून एकीवर एक रचायच्या, त्यांचा गोळा वळायचा आणि तो गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे रसरशीत निखाऱ्यांत, पुरून भाजायचा. राख झटकायची, मुठीनं फोडायचा, वर तुपाची धार सोडायची, सोबत वांग्याची झणझणीत भाजी. घरात करायचे नाहीत, झाडाखाली करायचे. केलेले तिथंच संपवायचे. आणि पंगतीवर जो कोणी येईल त्याला, मग तो वैरी का असेना, जेवल्याशिवाय जाऊ द्यायचं नाही. ही शेवटची अट लक्षात ठेवा, ती पुढं कामाला येणार आहे.

गोवरीशिवाय रोडगा होत नाही. म्हणून कुंदानं भावाच्या गोठ्यातल्या चांगल्या खडखडीत वाळलेल्या गोवऱ्या निवडून, वर्तमानपत्रात गुंडाळून, दोन साड्यांच्या मधे बॅगेत ठेवल्या. मी म्हटलं, "शेण नेऊ देत नाईत." ती म्हणाली, "शेण कुठं हाये? गोवरी हाये." आणि मला ते पटलं! पदवीधर माणसाला हे कसं पटलं, असं मला विचारू नका.

अमेरिकेत उतरल्यावर तपासणीच्या टेबलावर बॅग उघडली गेली. अधिकारी तरुण होता, हसतमुख होता. त्यानं पुडकं सोडलं आणि हे काय म्हणून विचारलं. मी जरा विचार करून म्हटलं, "फ्युएल." विमानतळावर हा शब्द उच्चारू नये हे मला त्याचं तोंड बघितल्यावर कळलं. घाईघाईनं मी "काऊ डंग" म्हणालो, तर तो आणखीच चक्रावला.

कुंदा मागून म्हणाली, "सांगा न त्याले, गाईचंच हाये म्हणा, म्हशीचं नाई."

मी तेही प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगितलं. त्यानं हातमोजे चढवले आणि रुखवतातला आरसा उचलावा तशी एकेक गोवरी उचलून पेटीत टाकली. पुन्हा असं आणू नका एवढं नम्रपणे बजावलं आणि आम्हाला सोडलं. पीठ तेवढं वाचलं. कुंदाला आपल्या फजितीचं काही वाटलं नाही. तिला एकच काळजी लागली, की आता नवस फेडायचा कशावर?

शहर

निलेश घ्यायला आला होता. आई मुलाला कित्येक वर्षांनी भेटते तेव्हा आधी तोंड बघते. कुंदानं आधी पाय बघितला. लांबून चालत येताना डावा पाय किंचित हळू पडतोय हे तिनं टिपलं, मग त्याला जवळ घेतलं. ती रडली, तो हसला, आणि विमानतळाच्या त्या दालनातसुद्धा जुगाराची यंत्रं छुमछुम वाजत होती.

शहराबद्दल फार लिहीत नाही, कारण त्याच्याबद्दल सगळ्यांना आधीच जास्त माहीत असतं. निलेशनं आम्हाला त्याचं हॉटेल आतून दाखवलं. सकाळची वेळ, बाहेर लख्ख ऊन, आणि आत कायमची दिवेलागण. माझ्याहून मोठ्या वयाच्या एक बाई कॉफीचा कप बाजूला ठेवून यंत्राचं बटण दाबत बसल्या होत्या. कुंदा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "एवढं मन लावून तं लोक पोथीलेही नाई बसत, बाप्पा," ती म्हणाली.

तिथंच एका टेबलाजवळ कोट घातलेला एक उंच, पांढऱ्या केसांचा माणूस उभा होता. निलेशला बघून त्यानं मान हलवली. निलेशनं सांगितलं, हा डेल. आधी टेबलावर पत्ते वाटायचा, आता टेबलांवर नजर ठेवतो. डोंगर चढायला त्यानंच निलेशला शिकवलं आणि दोराचं दुसरं टोक नेहमी त्याच्याच हातात असतं. डेल पुढं यायला लागला, तशी कुंदानं पदर सावरला आणि पाठ फिरवली.

बाहेर आल्यावर म्हणाली, "हाच काय तो? जुगाऱ्यानं माह्या पोट्ट्याले डोंगरावर नेलं. त्याचं नाव काढू नको माह्यापुढं."

"आई, ऐकून तं घे..."

"नाव काढू नको म्हटलं न."

लाल खडक

शहरापासून गाडीनं अर्ध्या तासावर रेड रॉक कॅन्यन आहे. रस्त्याचं एक वळण घेतलं आणि मी बोलायचाच थांबलो. माझ्या विद्यार्थ्यांना हे खोटं वाटेल. समोर भिंतच्या भिंत उभी होती, गेरूनं सारवलेल्या ओट्यासारखी लाल, मधेच दुधाळ पट्टा, पुन्हा लाल. कोणे एके काळी या वाळूच्या टेकड्या होत्या. वारा वाळू आणून टाकत राहिला, टेकड्या एकमेकींखाली दबल्या आणि दगड झाल्या. खडकावरच्या तिरप्या रेघा म्हणजे त्या वाऱ्याचीच दिशा. हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवायचो. फळ्यावर ते कधी एवढं मोठं झालं नव्हतं.

कुंदा गाडीतून उतरली नाही. काच खाली करून तिनं विचारलं, "कुठून पडला?"

निलेशनं बोट दाखवलं. भिंतीच्या मध्यावर एक सावलीची कपार दिसत होती. तिच्याही वर कुठंतरी. कुंदानं तिकडं एकदा पाहिलं आणि काच वर केली.

मग आम्ही दोघं बापलेकच पायवाटेनं चालत निघालो. वाटेत काटेरी, केस विस्कटलेली झाडं होती, आणि मधूनच दगडाच्या फटीतून पिवळी फुलं डोकावत होती. एवढी शांतता, की आपल्याच चपलेचा आवाज मोठा वाटावा. निलेशचा पाय चढावर थोडा अडखळायचा, पण तो थांबत नव्हता.

"बाबा, मी दिवसभर यंत्राच्या खोलीत राह्यतो," तो म्हणाला. "खिडकी नाई. कानात घुंघुं घुंघुं. इथं आलो की ते बंद होते. हाताखाली दगड अन् पुढची खाच, एवढंच राह्यते. घरी असल्यावानी वाटते."

"मंग आईची शपथ?"

"घेईन. तिनं वर्षभर डोळ्याले डोळा नाई लावला. मी काय तिच्यापेक्षा डोंगर मोठा समजतो काय?"

तो हे रागानं म्हणाला असता तर बरं वाटलं असतं. तो अगदी साध्या आवाजात म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला आणि त्याच्यासाठी वाईटही वाटलं. माझं मत मात्र दोघांपैकी कोणी विचारलं नव्हतं.

आगीचं खोरं

पुढच्या सुट्टीत आम्ही दुसऱ्या दिशेला, व्हॅली ऑफ फायरला गेलो. एप्रिलचं ऊन चढलं होतं. निलेश पाण्याच्या बाटल्या भरत होता, टोप्या शोधत होता. मी म्हटलं, वर्ध्याच्या माणसाला ऊन शिकवू नको. डोक्याला दुपट्टा बांधला आणि लू लागू नये म्हणून आपल्या रीतीप्रमाणे पँटच्या खिशात कांदा ठेवला.

पण तिथलं ऊन लबाड आहे. आपल्याकडं घाम फुटतो, शर्ट चिकटतो, शरीर ओरडून सांगतं. तिथं घाम आल्या आल्या उडतो आणि माणूस आपला कोरडाच, खुशीत चालत राहतो. मीही चालत राहिलो. खडकांना आरपार भोकं पडली होती. एका सुळक्यावर वाकड्या शिंगांचा जंगली मेंढा उभा राहून आम्हाला न्याहाळत होता. त्याच्याकडे बघता बघता माझ्या डोळ्यांपुढं काजवे चमकले आणि मी वाळूत बसलो.

तिथल्या वनखात्याच्या बाई धावत आल्या. पाणी पाजलं, सावलीला नेलं. खिशात एवढं काय फुगलंय म्हणून त्यांनी विचारलं, तर मी कांदा काढून दाखवला. त्यांनी कांद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, निलेशकडे पाहिलं. निलेशनं काय सांगितलं देव जाणे, पण बाईंनी कांदा हातात घेऊन वास घेतला आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं मला परत दिला.

वर्ध्याहून निघाल्यापासून कुंदा पहिल्यांदा हसली. अशी हसली, की तिला खडकाला टेकावं लागलं. "सांगा आता वर्ध्यात, कांदा बाटला म्हणून," ती म्हणाली.

आई हसतेय बघून निलेशही खुलला आणि सहज, कट्ट्यावर चढावं तसा, शेजारच्या खडकावर दोन ढांगांत वर गेला. कुंदाचं हसू तिथंच विरलं. "उतर!" ती ओरडली. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. निलेश लहानपणी आंजीला मामाच्या अंगणातल्या चिंचेवर चढायचा, अगदी शेंड्यापर्यंत. सगळे म्हणायचे, पोट्ट्याला बांधून ठेवा. कुंदानं बांधून कधी ठेवलं नाही. तो उतरेपर्यंत ती झाडाखाली उभी राहायची, हातातलं काम हातात घेऊन. मधूनमधून याच आवाजात ओरडायची.

निलेश उतरला.

नोराचा मळा

लाल खडकांत चूल पेटवायला मनाई आहे. मग नवस फेडायचा कुठं? निलेशनं शहरापासून दोनेक तासांवरची एक जागा शोधली. झऱ्याच्या पाण्यावर हिरवी राहिलेली एक लांबट दरी, दोन्ही बाजूंना उघडे डोंगर, मधे नोरा नावाच्या सत्तरीच्या बाईंचा मळा. नोराबाई गायी पाळतात आणि घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतात. अंगणात दगडांनी बांधलेला आगीचा खड्डा होता, तिथं जाळ करायला परवानगी होती. कुंदानं विचारलं, "मुलूख तोच हाये न?" मी भूगोलाचा शिक्षक या नात्यानं ग्वाही दिली, की मुलूख तोच आहे.

त्या मळ्यावर आम्ही तीन-चार दिवस राहिलो आणि प्रवासातले सगळ्यात चांगले दिवस तेच. सकाळी गायी हंबरायच्या, म्हणजे भाषेचा प्रश्न नव्हता. पाटाच्या कडेनं उंच झाडं होती आणि त्यांच्यावरून कापसासारखे पुंजके वाऱ्यावर उडत यायचे. कुंदानं एक पुंजका पकडला, चिमटीत ओढून पाहिला. "याले धागाच नाई," ती म्हणाली. "पाहाले कापूस, कामाले काई नाई." नोराबाईंच्या न्याहरीला मक्याची गोडसर भाकरी आणि राजम्यासारखी घट्ट उसळ असायची. कुंदानं तिखटाची पुडी काढून त्या उसळीवर शिंपडली आणि नोराबाईंच्याही ताटात शिंपडली. नोराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्यांनी ताट स्वच्छ केलं. यजमान कसा असावा याचा तो नमुना होता.

गोवऱ्यांचा प्रश्न दुसऱ्याच दिवशी सुटला. कुंदा कुरणात गेली आणि तिथूनच ओरडली, "अहो, इकडं या न! रानशेण्या!" वाळवंटाच्या हवेनं गायींचं शेण जागच्या जागी वाळवून ठेवलं होतं, आपण थापूनसुद्धा एवढं कडक वाळवू शकलो नसतो. ती पदरात वेचू लागली. मला वाटलं, नोराबाई काय म्हणतील? नोराबाईंनी दोन मिनिटं पाहिलं, आत जाऊन टोपली आणली आणि त्याही वाकल्या. त्यांची आजी या दरीत आली तेव्हा जळण म्हणून हेच वेचायची, असं त्यांनी सांगितलं. पुढचा सगळा वेळ एक बाई वऱ्हाडीत आणि दुसरी इंग्रजीत बोलत होती. दोघींनी मला दुभाषा म्हणून एकदाही बोलावलं नाही.

रोडग्याच्या दिवशी कुंदानं झाडाखालची जागा झाडून, पाणी शिंपडून घेतली. वर्ध्याहून आणलेली सुपारी गणपती म्हणून मांडली. आर फुलला, गोळे पुरले गेले, भाजीचा खमंग वास दरीभर पसरला. निलेश सगळं सांगितल्यासारखं करत होता.

तेवढ्यात फाटकापाशी एक जुनी गाडी थांबली. डेल उतरला. हातात एक पिशवी होती.

"आई, मीच बोलावलं," निलेश म्हणाला. "आज काय हाये ते त्याले माहीत हाये. माहे चढायचे बूट त्याच्या गाडीत राह्यले होते त्या दिवसापासून. ते द्यायले आला."

कुंदाच्या कपाळावर आठी चढली. क्षणभर मला वाटलं, आता नवसाचं वाटोळं. पण रीत ती रीत. "रोडग्यावर आलेल्याले परत नाई पाठवत," ती त्याच्याकडे न बघता म्हणाली. "बसव त्याले."

डेल बसला नाही. बूट झाडाखाली ठेवून तो आराजवळ आला. कुंदा काठीनं रोडगे उकरून काढत होती. एक रोडगा घरंगळत गवताकडे निघाला, तसा डेलनं तो सरळ हातानं उचलला आणि राख झटकत तळहातावर धरून ठेवला. आरातून नुकताच निघालेला रोडगा, बोट लावलं तरी फोड यावा असा.

"अरे, भाजन न!" कुंदानं त्याचं मनगट पकडून रोडगा खाली पाडला आणि तिला तो तळहात दिसला. बोटांच्या मुळापासून मनगटापर्यंत कातडीचा एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा होता. बोटं पुरती उघडत नव्हती.

"हे काय झालं?" तिनं विचारलं. तिला वाटलं आत्ताच भाजलं.

डेलनं हात मागं घेऊन खिशात घातला. निलेश म्हणाला, "आई, हे त्या दिवसचं हाये. मी पडलो तवा दोर सुटून पळाला. याच्या हातात मोजे नव्हते. दोर तळहातातून पळत होता अन् यानं मूठ सोडली नाई. म्हणून मी त्या कपारीवर येऊन थांबलो. नाई तं..."

"बस," कुंदा म्हणाली.

"आता त्या हाताले चटका समजत नाई, त्याच्यानं पत्ते वाटनं होत नाई. म्हणून नुसता टेबलापाशी उभा राह्यतो."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू नाव काढू देत नव्हती त्याचं."

कुंदानं काठी खाली ठेवली. तिनं तुपाची वाटी घेतली, डेलचा हात खिशातून ओढून काढला आणि त्या पट्ट्यावर तूप चोळायला लागली. वर्षभरापूर्वीच्या जखमेवर तूप लावून काय होणार? पण ती सावकाश, एकेक बोट सरळ करत चोळत राहिली आणि तो सहा फुटी माणूस मान खाली घालून लहान मुलासारखा उभा राहिला. मला रडू आलं. धुराचं निमित्त होतं, ते मी वापरलं.

मग तिनं पानावर नैवेद्य वाढला. "ये," ती निलेशला म्हणाली. निलेश आला, गुडघा जरा दुखत असावा, सांभाळून बसला आणि त्यानं नैवेद्यावर हात ठेवला. झाडाखाली ते बूट होते. त्यानं एकदा तिकडं पाहिलं आणि मान फिरवली. कुंदानं ते पाहिलं.

"तुमीही या," ती डेलला म्हणाली. त्याला शब्द कळले नाहीत, हात कळला. त्याचा तुपकट हात तिनं निलेशच्या हातावर ठेवला.

"तू चिचेवर चढायचा तं मी खाली उभी राह्यची," ती म्हणाली. "इथं मले नाई राह्यता येत. पण खाली कोणीतरी आपलं उभं पाह्यजे. म्हण, डेल खाली असल्याबिगर चढणार नाई."

निलेश तिच्याकडे बघतच राहिला.

"म्हण न."

"डेल खाली असल्याबिगर चढणार नाई."

"अन् उतरलो की आईले फोन करीन. आधी फोन, मंग पाणी."

"आधी फोन, मंग पाणी," निलेश म्हणाला. डेलनं मला विचारलं, काय म्हणतेय? मी सांगितलं. त्यानंही आपल्या भाषेत काहीतरी म्हटलं, नैवेद्याकडे बघून. ते मी विचारलं नाही.

त्या पंगतीत नोराबाईंनी दोन रोडगे खाल्ले, डेलनं चार. निलेशनं किती खाल्ले ते कुंदानं मोजू दिलं नाही, म्हणे नजर लागते. उरलेला चुरा नोराबाईंच्या कुत्र्यानं संपवला. बूट निलेशनं स्वतःच्या गाडीत नेऊन ठेवले.

वर्धा

आम्ही परत आलो तेव्हा वर्धा आपल्या नेहमीच्या भट्टीत होतं. स्टेशनवर ऑटोवाल्यानं विचारलं, "कसं होतं मास्तर तिकडचं ऊन?" मी म्हटलं, कोरडं.

तिकडं रविवारचा दिवस मावळतो तेव्हा आपल्याकडं सोमवार उजाडतो. पहिल्या सोमवारी मी उठलो तर कुंदा अंघोळ करून पुढच्या ओट्यावर बसली होती. मांडीवर परडीत निवडायची मेथी, शेजारी फोन आणि पाण्याचा भरलेला तांब्या. चहा ठेवला नव्हता. मी विचारलंही नाही. शेजारी जाऊन बसलो.

ऊन ओट्याच्या पहिल्या पायरीवर आलं, मग दुसऱ्या. मेथी निवडून झाली, तरी ती निवडलेल्या जुडीतून पुन्हा काड्या काढत राहिली. मी म्हटलं, "रेंज नसन तिकडं." ती म्हणाली, "तुमी चूप राहा." दूधवाला येऊन गेला. समोरच्या मुली शाळेला गेल्या.

फोन वाजला तेव्हा परडी खाली पडली. पडद्यावर आधी लाल डोंगर दिसला, संध्याकाळच्या उजेडात आणखीच लाल, मग त्यापुढं धुळीनं भरलेला निलेश आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा डेल. डेलनं कोणी न सांगता तळहात पुढं करून दाखवला. त्यावर आता जाड हातमोजा होता.

"उतरलो, आई," निलेश म्हणाला. त्याचे ओठ सुकले होते.

"आता पी पाणी," कुंदा म्हणाली, आणि शेजारचा तांब्या उचलून तीही घटाघटा प्याली.